भाईंचा फाटका स्पीकर

भाईंनी गिटारची वायर अँपमध्ये खुपसली, एक तार छेडली, कान देऊन ऐकलं आणि वायर काढून घेतली.

"हा माझा नाय," ते म्हणाले.

"भाई, तुमचाच आहे. मागे तुमचं नाव लिहिलंय बघा," मी म्हटलं.

"नाव माझं असेल. आवाज माझा नाय."

गिटार खांद्यावरून उतरवून त्यांनी स्टँडला लावली आणि विंगेत निघून गेले. मंचावर मी, माझे मायक्रोफोन, तीन कॅमेरे आणि त्यांच्यामागे कॅमेरावाले, असे सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिलो. साऊंड चेक चालू होता. साऊंड चेक म्हणजे कार्यक्रमाआधी एकेक वाद्य वाजवून त्याचा आवाज जुळवून घेणं. संध्याकाळी कार्यक्रम होता, आणि ज्यांच्या गौरवाचा कार्यक्रम होता तेच उठून गेले होते.

मी साऊंड रेकॉर्डिस्ट आहे. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये बरीच वर्षं काढली, मग आई एकटी पडली म्हणून रत्नागिरीला परत आले. इथे दोन बुवांच्या सामन्याची डबलबारी भजनं, एकांकिका स्पर्धा, लग्नं, पुढाऱ्यांचे वाढदिवस असं मिळेल ते रेकॉर्ड करते. रॉक अँड रोलचं काम रत्नागिरीत पहिल्यांदाच आलं होतं, त्यामुळे मी जरा खुशीत होते. ती खुशी दुपारच्या चहापर्यंत टिकली.

भाई शिवलकर म्हणजे रत्नागिरीत इलेक्ट्रिक गिटार आणणारा पहिला माणूस. तरुणपणी ते मुंबईला गोदीत कारकून होते आणि संध्याकाळी हॉटेलातल्या बँडमध्ये रॉक अँड रोल वाजवायचे. आपल्याकडे तेव्हा असलं काही वाजवणारे बोटांवर मोजण्याइतकेच होते. पुढे ते गावी आले, भाट्याला घर बांधलं, गिटारचा क्लास काढला आणि गावातल्या दोन पिढ्यांची बोटं सोलून काढली. क्लासमध्ये साधी लाकडी गिटार असायची. इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा अँप माळ्यावर गेला, कारण त्या आवाजाने काकींचं, म्हणजे भाईंच्या बायकोचं, कपाळ उठायचं.

यात एक गोष्ट राहून गेली होती. भाईंचं एकही रेकॉर्डिंग कुठे नव्हतं. ते जोरात होते तेव्हा कोणाच्या खिशात फोन नव्हते, आणि फोन आले तेव्हा अँप माळ्यावर होता. आता त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं संधिवाताने वाकेनाशी झाली होती. गौरव समितीला त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "एकच गाणं वाजवीन. पुढल्या वर्षी विचारू नका." त्या एका गाण्यासाठी ते बरेच दिवस घरी दार लावून सराव करत होते. बाकीचा कार्यक्रम त्यांचे विद्यार्थी सादर करणार होते आणि आम्ही सगळ्याची फिल्म करणार होतो. ते एक गाणं झालं नाही, तर भाई कसे वाजवायचे हे सांगायला म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तेवढ्या उरणार होत्या. आठवणींवर माझा फारसा विश्वास नाही. मी रेकॉर्डिस्ट आहे.

आता अँप म्हणजे काय ते सांगते. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. तिची वायर एका लाकडी खोक्याला जोडतात, तो अँप. त्यात आवाज मोठा करणारं यंत्र असतं आणि एक स्पीकर असतो. स्पीकरच्या तोंडावर कागदाचा गोल पडदा असतो, त्याला कोन म्हणतात. तो कोन थरथरतो तेव्हा आपल्याला ऐकू येतं. गिटारवाल्याचा अर्धा आवाज बोटांत असतो आणि अर्धा ह्या खोक्यात.

भाईंचा अँप त्यांनी मुंबईत एका रेडिओवाल्याकडून बनवून घेतलेला होता. मी तो पूर्वी एकदा त्यांच्या माळ्यावर पाहिला होता. रंग उडालेला, पुढचं कापड कुजलेलं, खाऱ्या हवेने स्क्रू हिरवे झालेले. आज मंचावर होता तो चॉकलेटी पॉलिश मारलेला, नवं जाळीदार कापड लावलेला, कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या ठोकलेला. देखणा होता, नाही म्हणत नाही.

मी लिमये सरांना हाक मारली.

लिमये सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि गौरव समितीचे अध्यक्ष. मनाने फार चांगला माणूस. पण एखादी वस्तू जुनी दिसली की सरांचे हात शिवशिवतात. त्यांच्या आळीतल्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांच्याच देखरेखीखाली झाला. जांभ्याच्या भिंतींना आता गुळगुळीत टाइल्स आहेत आणि गाभाऱ्यात एक्झॉस्ट फॅन आहे.

"सर, अँपला काय केलंत?"

"जीर्णोद्धार!" सर खुलले. "अहो, काय अवस्था होती त्याची! भाईंना म्हटलं, प्रदर्शनाला ठेवायचाय, आठ दिवस द्या. त्यांना सांगितलंच नाही. म्हटलं, एकदम मंचावर बघू दे."

"स्पीकर बदललात?"

"बदलावाच लागला. पडदा फाटलेला होता हो! चांगला हाताएवढा. अशा फाटक्या स्पीकरवर आपण ज्येष्ठ कलावंताला वाजवायला लावायचं? बरं दिसतं का ते?"

मी मंचावरच खाली बसले. आयुष्यात मी अनेक लोकांवर चिडले आहे, पण इतक्या प्रेमाने केलेल्या कामावर कसं चिडायचं ते मला माहीत नव्हतं.

विंगेत भाई खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "भाई, स्पीकर बदललाय. सरांनी."

"कळलं मला. आवाज कसा धुतल्यासारखा येतोय." मग ते मला म्हणाले, "तुला ठाऊक आहे का गो, तो फाटला कसा?"

मला माहीत नव्हतं.

"चाळीत होतो तेव्हा. नाताळच्या डान्सचं काम मिळालं होतं मोठ्या हॉटेलात. आदल्या दिवशी बघतो, तर उंदराने कोन खाल्लेला. नवा घ्यायला वेळ नाय. तसाच नेला. पहिली तार मारली, आणि आवाज असा आला, काय सांगू तुला, घसा फोडून ओरडल्यागत. म्हटलं संपलं, आता हाकलतात. तर लोक उठून नाचायलाच लागले. बँडलीडर विचारतो, काय केलंस रे हे? मी म्हटलं, सेटिंग आहे."

परदेशात काही गिटारवाले मुद्दाम ब्लेडने स्पीकर फाडायचे, हे त्यांना पुढे कित्येक वर्षांनी कोणीतरी सांगितलं. आपल्याकडे ते काम उंदराने केलं आणि भाई पायोनियर झाले. समितीने छापलेल्या पत्रिकेवर 'पायोनियर' हा शब्द सोनेरी अक्षरात होता. उंदराचा उल्लेख कुठेच नव्हता.

मी उपाय शोधायला लागले. रोहन म्हणून भाईंचा जुना विद्यार्थी त्या दिवशीच्या बँडचा प्रमुख होता. त्याने आपलं पेडल पुढे केलं. पेडल म्हणजे पायाने दाबायची डबी. ती गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करते. भाईंनी रोहनचं मन राखायला वाजवून पाहिलं.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण हा सगळ्यांचाच आवाज आहे. दुकानात मिळणारा."

मग मी अँपची मागची फळी काढली आणि टूलकिटमधून ब्लेड काढलं.

"मॅडम!" लिमये सर ओरडले. "अहो, नवाकोरा आहे तो!"

"तेच तर दुखणं आहे," मी म्हटलं.

फाटलेले कोन टिश्यू पेपर आणि गोंद लावून सांधण्यात माझी अर्धी नोकरी गेली. आता धडधाकट कोनावर मीच ब्लेड चालवलं. हाताएवढा चर दिला, कडा थोड्या कुरतडल्या. सरांनी डोळे मिटून घेतले होते. भाईंनी तार मारली. आवाज आला तो सायलेन्सर फुटलेल्या रिक्षाचा.

भाई हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे गो बाय. उंदराचं काम तुला नाय जमायचं." मग सरांकडे वळले. "सर, तुम्ही मायेने केलंत, माझा राग नाय. संध्याकाळी मी येईन, शाल घेईन, नारळ घेईन, घरी जाईन. पण शेवटचं वाजवायचं ते दुसऱ्याच्या आवाजात नाय वाजवणार मी."

आणि ते मेकअप रूममध्ये जाऊन बसले. सरांचा चेहरा पडला. परीक्षेत नापास झालेली मुलं त्यांनी खूप पाहिली असतील. तसा चेहरा त्यांना स्वतःला करता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"सर, जुना स्पीकर कुठाय?"

सरांनी उपरणं सारखं केलं.

"भंगारात दिलात?"

"छे! भंगारात कसा देईन? ऐतिहासिक वस्तू आहे ती."

"मग आहे कुठे?"

"ते आत्ता नाही सांगता येणार, मॅडम. गुपित आहे."

"सर, भाई वाजवणार नाहीत म्हणतायत. आता कसलं गुपित?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मंचामागच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि चमकीच्या कागदात गुंडाळलेलं एक चौकोनी खोकं होतं. सन्मानचिन्ह. ते प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते भाईंना द्यायचं होतं.

मी कागद सोडवला. आत सागवानी पेटी, पुढून काच, आत लाल मखमल, आणि मखमलीवर भाईंचा जुना स्पीकर. मॅग्नेटसकट आख्खा. खाली पितळी पट्टी: 'ज्या स्पीकरने इतिहास घडवला'. स्पीकरच्या लोखंडी कडेला सरांनी सोनेरी रंग दिला होता. कोनाला मात्र हात लावलेला नव्हता. सुताराला भीती वाटली होती, अजून फाटेल म्हणून. त्या सुताराचे मी मनातल्या मनात पाय धरले.

"सर, हा परत अँपमध्ये बसवू या."

"अहो, पण मग मंचावर देऊ काय? पाहुण्यांचं भाषण त्याच्यावर आहे. मीच लिहून दिलंय! रिकामी पेटी देऊ?"

मी अँपपाशी जाऊन आतला स्पीकर काढून आणला. माझ्या हातात तो दुसरा स्पीकर होता, नुकताच ब्लेडने फाडलेला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"नाही," सर म्हणाले. "नाही नाही. ही फसवणूक होईल. मी चाळीस वर्षं शाळेत मुलांना..."

"सर, काच आहे. तिसऱ्या रांगेतून सगळे स्पीकर सारखेच दिसतात. ह्याचाही कोन फाटलेला आहे."

"पण पट्टीवर लिहिलंय, इतिहास घडवला!"

"आज घडवेल. हा निघाला नसता, तर तो बसला नसता."

हा युक्तिवाद मला आजही नीट समजलेला नाही, पण सरांना पटला. किंवा मेकअप रूमच्या उघड्या दारातून दिसणारी भाईंची पाठ त्यांना पटली असेल. त्यांनी उपरण्याने घाम पुसला आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटीची मागची बाजू उघडायला बसले.

काम तसं सोपं असतं. स्पीकर चार स्क्रूंवर बसतो आणि दोन वायरी जोडायच्या असतात. सभागृहाचा साऊंड ऑपरेटर सुहास सोल्डरिंग आयर्न घेऊन आला. जुन्या स्पीकरच्या टोकांवर गंज चढला होता, तो खरवडून वायरी डाग देऊन पक्क्या केल्या. तिकडे सर नवा स्पीकर मखमलीवर बसवत होते. त्याच्या काळ्या कडेला सोनेरी रंग नव्हता. सरांनी पुष्पगुच्छाची सोनेरी रिबन सोडून कडेने गुंडाळली. एकदा मनावर घेतलं की सर काम अर्धवट सोडत नाहीत.

अँप चालू केला. जुने अँप लगेच बोलत नाहीत, आतले काचेच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. मग मी रोहनला एक तार मारायला सांगितली.

तो आवाज मला लिहून सांगता येणार नाही, आणि तेच तर रेकॉर्डिंग करण्याचं कारण आहे. एवढंच सांगते की तो खरखरीत होता पण घाणेरडा नव्हता, आणि सुहास दचकून मागे सरला.

मागे वळून पाहिलं तर भाई चहाचा कप हातात घेऊन विंगेत उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी कप सुहासच्या हातात दिला आणि रोहनकडून गिटार घेतली.

"आला," एवढंच म्हणाले.

कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मग प्रास्ताविकाचं पुन्हा प्रास्ताविक. विद्यार्थ्यांनी सुंदर वाजवलं. मग सत्कार. पाहुण्यांनी पेटी हातात घेऊन भाषण केलं. 'हा फाटलेला पडदा बघा, ह्या फाटण्यात एका कलावंताचा संघर्ष आहे,' असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. सर मंचाच्या कोपऱ्यात जमिनीकडे बघत उभे होते.

भाईंनी पेटी घेतली. काचेतून बराच वेळ बघितलं. रिबन बघितली, ब्लेडचा सरळ चर बघितला. मग विंगेत माझ्याकडे बघितलं. त्यांच्या सदऱ्याला मी छोटा माइक लावलेला होता, त्यामुळे पुढचं वाक्य फक्त माझ्या हेडफोनमध्ये आलं. पाहुण्यांना नमस्कार करताना ते पुटपुटले, "हा उंदीर काय माझा नाय."

मग ते खुर्चीत बसले, शाल बाजूला केली आणि गिटार घेतली. पहिलाच सूर असा गेला की विंगेत माझ्या शेजारी बसलेल्या सुहासचा हात आपोआप फेडरकडे झेपावला. फेडर म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी. आवाज फाटला की ती खाली ओढायची, हे ऑपरेटरच्या हाडात असतं, त्याचा काही दोष नाही. मी त्याचं मनगट पकडलं.

"मॅडम, फाटतोय!"

"फाटू दे."

गाणं संपेपर्यंत मी ते मनगट सोडलं नाही. सभागृहात काही लोक मान वर करून भिंतीवरच्या स्पीकरकडे बघत होते. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी कान झाकले. भाईंची दोन बोटं वाकत नव्हती, म्हणून त्यांनी उरलेल्या दोन बोटांत सगळं बसवलं होतं. बंद दाराआड सराव चालला होता तो ह्याचा. मधे एका ठिकाणी बोट घसरलं, सूर चुकला. त्यांनी तोच चुकलेला सूर मुद्दाम पुन्हा वाजवला, जणू तो तिथलाच होता, आणि पुढे गेले. पाय ठेका धरून जमिनीवर आपटत होता. त्या वेळी तो माणूस म्हातारा नव्हता. मला रडू आलं. मी कामावर असताना रडत नाही, पण त्या दिवशी रडले आणि तरीही मीटर बघत राहिले. लेव्हल व्यवस्थित होती.

शेवटचा सूर विरला. मग मागच्या रांगांतून, जिथे त्यांचे जुने विद्यार्थी बसले होते तिथून, शिट्ट्या सुरू झाल्या.

फिल्म तयार झाल्यावर मी ती आधी समितीला दाखवली. दोन दिवसांनी लिमये सरांचा फोन.

"मॅडम, अप्रतिम झालंय. फक्त समितीतल्या दोघांचं म्हणणं, शेवटच्या गाण्याचा आवाज जरा साफ करता आला तर..."

"सर."

"नाही, मला माहितीये! मला माहितीये. मी त्यांना सांगितलं. पण त्यांचं म्हणणं, लोक समितीला नावं ठेवतील, साऊंड खराब लावला म्हणून. तर निदान खाली एक ओळ टाकू या का?"

त्यामुळे आता फिल्ममध्ये भाईंचं गाणं सुरू होताना खाली पांढऱ्या अक्षरात ओळ येते: 'आवाजातील दोष मूळ वाद्यातील असून त्यास समिती जबाबदार नाही.'

ती ओळ वाचून भाईंना काय वाटेल ह्या धास्तीने मी स्वतः लॅपटॉप घेऊन भाट्याला गेले. भाई ओटीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर. बोटं आता जवळजवळ मिटतच नव्हती. गिटार परत माळ्यावर गेली होती, ह्या वेळी खाली न येण्यासाठी. मी हेडफोन पुढे केला, त्यांनी नको म्हटलं. "मोठ्याने लाव."

ओळ आली. त्यांनी चष्मा सारखा करून ती मोठ्याने वाचली. "मूळ वाद्यातील," त्यांनी पुन्हा म्हटलं आणि मान डोलावली. "सर माणूस खरा आहे."

मग ते स्वतःचं गाणं ऐकत राहिले. स्वतःला बाहेरून ऐकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पाय तेवढा जमिनीवर हलकेच आपटत होता. गाणं संपलं. "परत लाव," म्हणाले. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा काकी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मला वाटलं, आता आवाज कमी करायला सांगणार. त्या दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या.

"तेव्हापण असाच फाटका वाजायचा," त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, ह्यांच्या नशिबात चांगला स्पीकर नाय. आयुष्यभर वाईट वाटायचं मला."

भाई बायकोकडे वळले. "मग सांगितलं नायस कधी?"

"तुम्हाला अजून वाईट वाटलं असतं."

मी गाणं चौथ्यांदा लावलं, कोणी न सांगता.

माझ्याकडे आजही लोक जुन्या कॅसेटी, टेपरेकॉर्डर, हार्मोनियम घेऊन येतात आणि म्हणतात, ह्याचा आवाज जरा नीट करून द्या. मी आधी विचारते, हा आवाज ज्याचा आहे, त्याची काही तक्रार आहे का? बहुतेकांनी त्याला विचारलेलंच नसतं. त्यांना मी घरी जाऊन विचारून यायला सांगते. निम्मे परत येत नाहीत.